खान्देशातल्या घरासाठी पेलेटची शेगडी: आधी जळण बघा, मग शेगडी

खान्देश म्हटलं की उन्हाळ्याचंच बोललं जातं. पण डिसेंबर-जानेवारीत धुळ्यात पहाटेचा पारा दहाच्या खाली जातो, एखाद्या वर्षी पाच-सहापर्यंत उतरतो, आणि सातपुड्यात डाबसारख्या गावी गवतावरचं दव गोठतं. त्या दिवसांत घरोघरी एकच गाऱ्हाणं असतं, आंघोळीच्या पाण्यातच सिलिंडर संपतो. ज्यांच्याकडे चूल आहे त्यांच्या मागच्या दारी काड्या पेटतात आणि घरातली बाई पहाटे पाचला धुरात डोळे चोळत बसते. पेलेटची शेगडी हा त्यावरचा चांगला उपाय आहे, असं माझं ठाम मत आहे. मात्र ती घेताना बहुतेक लोक उलट्या बाजूनं सुरुवात करतात. प्रदर्शनात शेगडी बघतात, निळसर ज्वाळ आवडते, शेगडी घरी येते, आणि मग पेलेट कुठं मिळतात याची चौकशी सुरू होते. म्हणून इथं सुरुवात जळणापासून करतो.

पेलेट म्हणजे नेमकं काय

लाकडाचा भुसा, कपाशीच्या पऱ्हाट्या, तुरीच्या काड्या, सोयाबीनचं कुटार असं काहीही वाळवून, दळून, मोठ्या दाबाखाली साच्यातून काढलं की पेन्सिलीएवढ्या जाडीच्या कांड्या निघतात. जाडी साधारण ६ ते १० मिलिमीटर. चांगल्या पेलेटमध्ये डिंक किंवा गोंद घालावा लागत नाही. दाब आणि उष्णतेनं लाकडातलंच लिग्निन नावाचं द्रव्य मऊ होतं आणि गार झाल्यावर तेच सगळं धरून ठेवतं.

बाजारात आणखी एक वस्तू मिळते, तिला लोक पांढरा कोळसा किंवा व्हाइट कोल म्हणतात. मनगटाएवढे जाड ठोकळे असतात ते. ते बॉयलरसाठी, वीटभट्टीसाठी. घरच्या पेलेट शेगडीत ते चालत नाहीत, आणि फोडून घातले तरी नीट जळत नाहीत. फोनवर भाव विचारताना "पेलेटच ना, जाडी किती?" हे आधी विचारा. निम्मा घोळ इथंच टळतो.

जळण कुठून येणार हे आधी ठरवा

थोडा इतिहास सांगितला पाहिजे, कारण तो आपल्याच राज्यातला आहे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधनातून तयार झालेली, पंख्यावर चालणारी 'ऊर्जा' नावाची पेलेट शेगडी २००६ च्या सुमारास महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या गावागावांत विकली जाऊ लागली. काही लाख घरांत ती गेली. शेगडी चांगली होती, धूर खरंच कमी होता. पण पेलेटसाठी लागणारा कच्चा माल महाग झाला, पेलेटचे भाव चढले, काही ठिकाणी पुरवठाच अडला, आणि असंख्य घरांत ती शेगडी माळ्यावर गेली. त्या घरांना दुसरं जळण घालता येत नव्हतं, किंवा घातलं तर शेगडी धूर करायची.

आज तोच धोका दुसऱ्या बाजूनं उभा आहे. कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रांनी कोळशात ५ टक्के बायोमास पेलेट मिसळावेत, असं धोरण केंद्र सरकारनं २०२१ मध्ये जाहीर केलं. वीजकेंद्रांसाठी ते चांगलंच आहे. पण कारखानदाराला टनांनी माल उचलणारं गिऱ्हाईक मिळालं की दोन पोती मागणाऱ्या घराकडे त्याचं लक्ष राहत नाही. दीपनगरचं वीजकेंद्र तर आपल्या भुसावळजवळच आहे, तेव्हा आपल्या भागात हे ध्यानात ठेवायलाच हवं.

म्हणून शेगडी घेण्याआधी हे करा. तुमच्यापासून तासाभराच्या अंतरात पेलेट विकणारे किमान दोन जण शोधा. एमआयडीसीत चौकशी केली तर बॉयलरवाले कुठून माल घेतात ते कळतं. दोघांनाही विचारा की किरकोळ पोती देणार का, वर्षभर देणार का, पावसाळ्यात भाव किती वाढतो. एकट्याला मिळत नसतील तर गल्लीतली पाच-सहा घरं किंवा एखादा बचत गट मिळून टनभर मागवा. टनाच्या भावात आणि पोत्याच्या भावात बराच फरक असतो.

भाव परवडतो की नाही, हे काढायची एक सोपी रीत आहे. १४.२ किलोच्या गॅस सिलिंडरमध्ये किलोमागे साधारण ११,००० किलोकॅलरी असतात आणि घरच्या गॅस शेगडीत त्यातल्या ६५ टक्क्यांच्या आसपास भांड्याला लागतात. म्हणजे एका सिलिंडरमधून लाखभर किलोकॅलरी कामाला येतात. पिकांच्या काड्यांपासूनच्या पेलेटमध्ये किलोला ३,८०० च्या आसपास, आणि चांगल्या पंख्याच्या शेगडीत त्यातल्या ३५ टक्के धरा. ते होतात १,३३०. तेव्हा एक सिलिंडर म्हणजे साधारण ७५ किलो पेलेट. तुमच्या गावी घरपोच सिलिंडर ज्या भावानं पडतो त्याला ७५ नं भागा. सिलिंडर ९०० रुपयांना पडत असेल तर उत्तर येतं १२. पेलेट घरात येईपर्यंत किलोला १२ रुपयांच्या बऱ्यापैकी खाली पडत असतील तरच पैशाच्या दृष्टीनं अर्थ आहे. भाडं आणि हमाली धरूनच हिशोब करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडे पऱ्हाटी आहे. कपाशीच्या हेक्टरी साधारण दोन-तीन टन वाळल्या काड्या निघतात. गुलाबी बोंडअळीमुळे फरदड (हंगाम संपल्यावरही पीक ठेवून घेतलेला जादा कापूस) घेऊ नका, काड्या बांधावर रचून ठेवू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो, कारण त्याच काड्यांवरच्या कैऱ्यांमध्ये, म्हणजे न फुटलेल्या बोंडांमध्ये, अळी दडून राहते. म्हणजे त्या काड्या शेतातून हलवायच्या आहेतच. पेलेट घरी करणं मात्र अवघड. दळायचं यंत्र, दाबाचा साचा, थ्री-फेज वीज, हे एका कुटुंबाचं काम नाही. पण पऱ्हाटीचे बोटभर लांबीचे तुकडे करून चांगले वाळवले तर कित्येक पंख्याच्या शेगड्यांत ते चालतात. म्हणून माझा आग्रह असा की फक्त पेलेटवर चालणारी शेगडी घेऊच नका. पेलेटही चालतील आणि काड्यांचे तुकडेही, अशीच घ्या. विकणाऱ्यासमोर आपल्या घरचे तुकडे घालून ती पेटवायला सांगा. पेलेट एक महिना मिळाले नाहीत तरी अशी शेगडी बंद पडत नाही.

कुणी केळीच्या खांबाचे पेलेट सांगितले तर सावध राहा. रावेर-यावलकडे केळीचे खांब ढिगानं पडतात खरे, पण त्यात नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं. ते वाळवण्यातच सगळी मेहनत जाते.

पोतं उघडून काय बघायचं

मूठभर पेलेट हातात घ्या. वरून गुळगुळीत, किंचित चकचकीत असावेत. मोडताना कट्कन आवाज यावा. बोटांनी चुरगळले जात असतील तर ओल आहे किंवा दाब कमी पडलाय. पोत्याच्या तळाशी हात घाला. तिथं मूठ-मूठ भुकटी लागली तर तो माल घेऊ नका, कारण भुकटी हवेची वाट बंद करते आणि शेगडी धुमसायला लागते. मग चार पेलेट पाण्याच्या ग्लासात टाका. चांगला पेलेट बुडतो, आणि काही मिनिटांत फुगून त्याचा भुसा होतो. बराच वेळ टणक राहिला तर त्यात काहीतरी चिकट मिसळलेलं असण्याची शक्यता धरा.

राखेची परीक्षा घरी करता येते आणि ती करावीच. एक किलो पेलेट मोजून जाळा, गार झाल्यावर राख मोजा. स्वच्छ लाकडाच्या पेलेटची राख किलोमागे दहा ग्रॅमच्या आसपास राहते. पऱ्हाटीची तीस ते साठ ग्रॅम. त्याहून बरीच जास्त निघाली तर मुळांची माती तशीच दळली गेली असं समजा. नवापूरकडच्या भाताच्या तुसाचे पेलेट कुणी दिले तर राख दीडशे-दोनशे ग्रॅमपर्यंत जाते, कारण तुसात वाळूसारखा सिलिका असतो. ते स्वस्त मिळतात, पण घरच्या लहान शेगडीत राख काढता काढता जीव मेटाकुटीला येतो. राखेत काचेसारखे वितळलेले खडे दिसले तर तो माल पुन्हा विकत घेऊ नका. ते खडे हवेची भोकं बुजवतात.

घरात आग नक्की कशासाठी हवी

इथं घरातल्या सगळ्यांनी बसून बोलावं, आणि जी व्यक्ती शेगडीपाशी बसणार आहे तिचा शब्द शेवटचा मानावा.

आंघोळीचं पाणी हे पेलेटचं सगळ्यात सोयीचं काम आहे. रोज तीच वेळ, तेवढंच पाणी, ज्वाळ कमी-जास्त करायची गरज नाही, आणि शेगडी मागच्या अंगणात राहते. वीस लिटर पाणी वीस अंशांवरून सत्तरपर्यंत न्यायला साधारण पाऊण किलो पेलेट लागतात. त्यात विसण घालून तीन-चार जणांची आंघोळ होते. नव्या माणसानं इथूनच सुरुवात करावी.

घरात तांब्याचा जुना बंब असेल तर त्यात सरळ पेलेट ओतू नका. जाळीच्या फटींतून ते खाली पडतात, आणि ढीग झाला की मधून हवा जात नाही. बंबाच्या नळकांड्यात बसेल अशी बारीक भोकांची लोखंडी टोपली करून घ्या, पेलेट पातळ थरात घाला. पेलेटसाठीच बनवलेले बंब मिळतात, त्यांना खालून छोटा पंखा असतो. जुना असो वा नवा, पाणी भरल्याशिवाय बंब पेटवायचा नाही, नाहीतर सांधे सुटतात. बोअरच्या पाण्यानं आत क्षाराचा थर चढतो, तो वर्षातून एकदा काढून घ्या. नाहीतर पेलेट जळत राहतात आणि पाणी कोमटच.

स्वयंपाकाचं गणित वेगळं आहे. पंख्याच्या शेगडीची ज्वाळ मध्यभागी एकवटलेली आणि कडक असते. डाळ शिजवणं, खिचडी, शेवभाजीचा रस्सा, पाणी उकळणं, मोठ्या पातेल्यातलं वरण, यासाठी ती उत्तम. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीला तवा मध्ये फार तापतो, म्हणून जाड बुडाचा तवा घ्या आणि पंखा कमी ठेवा. जमतं, आठवडाभर हात बसायला लागतो. पण पुरणाचे मांडे भाजायचं मातीचं खापर या शेगडीवर ठेवू नका. खापराला सगळीकडून सारखी, पसरलेली आंच लागते. मध्येच कडक ज्वाळ लागली तर ते तडकतं. मांड्यांसाठी चूल राहू द्या. भरिताच्या वांग्यांचंही तसंच. पऱ्हाटीच्या आगीत भाजलेल्या वांग्याला जी चव येते ती बंदिस्त शेगडीतून येणार नाही, आणि त्यासाठी थोडा धूर सोसायला कुणाची ना नसते.

राहिली ऊब. परदेशात पेलेट स्टोव्ह म्हणतात तो घर गरम करायचा असतो. त्यात वर पेलेटची टाकी, आतला मळसूत्री दांडा पेलेट पुढे ढकलतो, विजेवर आपोआप पेटतं, धूर नळीतून भिंतीबाहेर जातो. धुळे, जळगाव, अमळनेर, शिरपूर, शहादा अशा सपाटीवरच्या घराला याची गरज नाही. कडाक्याची थंडी थोडे आठवडेच असते आणि आपल्याकडे गोधड्या आहेत. तोरणमाळसारख्या हजार मीटरहून उंच ठिकाणी पक्कं घर किंवा पाहुण्यांसाठी खोल्या असतील तर विचार करता येईल. तिथंही दोन गोष्टी आधी बघा. एक म्हणजे वीज, कारण पेटताना त्याला तीन-चारशे वॅट लागतात आणि वीज गेली की दांडा आणि पंखा दोन्ही थांबतात. दुसरी म्हणजे आकार. बारा बाय चौदाच्या एका खोलीला बाजारातले लहान, पाच-सहा किलोवॅटचे स्टोव्हही जास्तच होतात. सतत कमी आंचेवर चालवले की काच काळी होते आणि नळीत काजळी साचते.

शेगडी हातात घेऊन काय तपासायचं

भारतीय मानक ब्यूरोचं घरगुती बायोमास शेगडीसाठी मानक आहे, आय.एस. १३१५२ (भाग १) : २०१३. त्यानुसार पंख्याच्या शेगडीची औष्णिक कार्यक्षमता, म्हणजे जळणातल्या उष्णतेपैकी भांड्याला लागणारा वाटा, किमान ३५ टक्के हवी, बिनपंख्याच्या शेगडीची किमान २५ टक्के. धुरातल्या बारीक कणांवर आणि कार्बन मोनॉक्साइडवरही मर्यादा आहेत. शेगडीवर हा आकडा आणि शिक्का आहे का ते बघा. नुसतं "धूररहित" असं रंगवलेलं असेल तर त्याला काही अर्थ नाही.

बिनपंख्याची शेगडी स्वस्त असते, पण पेलेट घट्ट बसतात आणि त्यांच्यातून हवा ओढायला पंखाच लागतो. पेलेटसाठी पंख्याचीच घ्या. आत दोन जागी भोकं असतात. खालच्या भोकांतून जाणाऱ्या हवेनं पेलेटमधून वायू निघतो, वरच्या भोकांतल्या हवेनं तो वायू पेटतो. वरची भोकं एका ओळीत, सारख्या आकाराची आणि मोकळी असावीत. धूर कमी होतो तो त्यांच्यामुळे.

पंखा हा सगळ्यात आधी बिघडणारा भाग. तो दोन-चार वॅटचाच असतो, बॅटरीवर किंवा मोबाइलच्या चार्जरवर चालतो. दुकानात विचारा: "भाऊ, हा पंखा निघाला तर जळगावात मिळतो का? स्वतः बसवता येतो का?" उत्तर "कंपनीकडे पाठवावा लागेल" असं आलं तर दुसरी शेगडी बघा. एक जादा पंखा पहिल्याच दिवशी विकत घेऊन ठेवा. वेग कमी-जास्त करायचं बटण हवंच.

आतला डबा जाड स्टेनलेस स्टीलचा किंवा बिडाचा असावा. पातळ पत्रा लाल होऊन लवकर जळतो. मातीच्या भाजक्या अस्तराची शेगडी उष्णता चांगली धरते, पण आदळली तर तडा जातो, म्हणून ती एका जागी ठेवायची असेल तरच.

आणि ती हलवून बघा. आपल्याकडे उन्हाळ्यात ज्वारीच्या बिबड्यांचा, म्हणजे पापडांचा, घाटा घोटतात. दोन्ही हातांनी, जोर लावून. शेगडीवर तेवढं मोठं पातेलं पाण्यानं भरून ठेवा आणि त्यात लाकडी दांडा फिरवा. शेगडी सरकली किंवा डगमगली तर कितीही स्वस्त असो, घेऊ नका. उकळता घाटा अंगावर सांडला तर काय होतं हे सांगायला नको. पाच-सहा जणांच्या घराला एका भरण्यात पाऊण ते एक किलो मावेल एवढा डबा पुरतो. तेवढ्यात तासभर आंच मिळते.

पेटवण्याची रीत

ही शेगडी वरून पेटवतात. खालून पेटवायची सवय असलेल्यांना हे विचित्र वाटतं. डबा वरच्या भोकांच्या खाली दोन बोटं राहील एवढाच भरा. वर सुक्या धलप्या किंवा पऱ्हाटीचे बारीक तुकडे ठेवा, तेलात भिजवलेली कापसाची वात लावा आणि पेटवा. पंखा लगेच जोरात लावू नका, आग विझते. धलप्यांनी धरलं की पंखा हळू सुरू करा, पेलेटचा वरचा थर लाल झाला की वाढवा.

भोकांच्या वर पेलेट गेले की धूर. मध्येच मूठभर टाकले तरी थोडा वेळ धूर येतो. म्हणून आधी अंदाज घेऊन भरायचं. शेवटी ज्वाळ जाते आणि निखारे राहतात. तेव्हाही पंखा लगेच बंद करू नका, आतली उष्णता खाली उतरून पंखा वितळतो. निखारे चिमट्यानं पत्र्याच्या डब्यात काढून झाकण लावा. गार झाल्यावर कोळसा उरतो, तो इस्त्रीला किंवा निखाऱ्यावर पापड भाजायला उपयोगी पडतो.

या निखाऱ्यांबद्दल एक गोष्ट अगदी कळकळीनं सांगतो. ज्वाळ गेल्यावर धूर दिसत नाही, म्हणून थंडीत ती शेगडी उचलून झोपायच्या खोलीत ठेवावीशी वाटते. नुसत्या निखाऱ्यांतूनच कार्बन मोनॉक्साइड जास्त निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि दार-खिडक्या बंद असलेल्या खोलीत झोपलेली माणसं त्यानं जागी होत नाहीत. शेगडी मागच्या दारी, पत्र्याच्या शेडखाली, दोन बाजू मोकळ्या असलेल्या जागी ठेवा. धाब्याच्या जुन्या घरात आतच स्वयंपाक असेल तर धुराडं आणि समोरासमोर दोन उघड्या खिडक्या हव्यात. पोत्यांपासून आणि कडब्यापासून ती लांब असावी. लहान मुलं असतील तर ओट्याच्या उंचीवर.

साठवण

घरात रोज दोन किलो लागत असतील तर महिन्याला साठ किलो. पेलेटला पाणी लागलं की पुन्हा भुसा होतो, आणि मग तो वाळवूनही उपयोग नाही. पावसाळ्यात नुसत्या दमट हवेनंही ते फुगतात. झाकणाचे प्लास्टिक ड्रम सगळ्यात चांगले. पोत्यांतच ठेवायचे असतील तर फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर सोडून, खाली प्लास्टिक अंथरून. आपल्या काळ्या मातीत उदई (वाळवी) फार, तेव्हा पोती जमिनीवर टेकवू नका.

पऱ्हाटी उपटायचं काम मार्चपर्यंत आटोपतं, मग कारखान्यात कच्चा माल भरपूर येतो आणि कडक उन्हात पेलेट नीट वाळलेले असतात. एप्रिल-मेमध्ये घेतलेला माल ड्रममध्ये भरून ठेवला तर पावसाळा निघतो आणि दिवाळीनंतरच्या थंडीची पहिली पोतीही त्यातच सुटतात. काड्यांचे तुकडे करायचेही हेच दिवस. जूनच्या पहिल्या सरीनंतर आणलेली पोती मात्र उघडून, तळाशी हात घालून, मगच पैसे द्या.